एआयच्या उत्तरात वाचलं की सोललेला लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवला तर महिनाभर टिकतो. खरं आहे का?

नका ठेवू. तेलाखाली हवा पोचत नाही, लसणात आंबटपणा नसतो. बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूला विष तयार करायला एवढं पुरतं. वासावरून किंवा चवीवरून ते कळतही नाही.

आमच्याकडे हाच वाद दुधीवरून झालाय, म्हणून लिहितेय. मोठे दीर तळजाई टेकडीवर फिरून आले की दुधीचा रस घेतात. एकदा मंडईतून आणलेला दुधी कडू निघाला. मी नेहमी आधी फोड जिभेला लावून बघते. म्हटलं, "भावजी, हा टाकते." त्यांनी फोन पुढे केला. एआयचं उत्तर: कडू रस जास्त गुणकारी! खालची लिंक उघडली तर कुणाची तरी पोस्ट, ना वैद्याची ना डॉक्टरची. मी दुधी कचऱ्यात टाकला. त्यावर सासूबाईंसमोर मला ऐकवलं, "कारलं चालतं, कडुनिंब चालतो, मग दुधीनं काय घोडं मारलंय? तुला फार कळतं!"

हो, कळतं. कारलं मुळात कडूच असतं. दुधी कडू लागला म्हणजे त्यात कुकुरबिटासिन नावाचं कडू, विषारी द्रव्य वाढलंय. उलट्या होतात, रक्त पडतं, रक्तदाब कोसळतो आणि त्यावर उतारा नाही. २०१८ मध्ये पुण्यातच असा रस पिऊन एका बाईंचा जीव गेला. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन संस्थेनं त्याच्या कितीतरी आधी सांगितलं होतं: चाखून बघा, कडू असेल तर टाका.

मे २०२४ मध्ये गूगलच्या एआयनं पिझ्झ्यावरचं चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये गोंद घालायला सांगितलं. ते उचललं होतं रेडिट या गप्पांच्या वेबसाइटवरच्या अकरा वर्षं जुन्या थट्टेतून. गोंदाला सगळे हसले, कारण तो वेडेपणा लगेच दिसतो. कडू दुधीला कुणी हसत नाही. 'कडू तेच औषध' हे आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. माझ्या मते तेच जास्त घातक. घरात जी बाई रोज भाजी निवडते, चिरते, चाखते, तिचं आधी ऐका. फोन नंतर.

लसणाचं लोणचं मात्र वेगळं हं, त्यात भरपूर मीठ आणि लिंबू असतं. तेलातला लसूण हवाच असेल तर थोडासा करा, लगेच फ्रीजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा.