उत्साहाची वाट बघू नकोस, इर्जिक घाल

तू लिहिलंयस ते दोनदा वाचलं. दर दिवाळीला, दर एक जानेवारीला आणि मध्येच कधीतरी एखादा व्हिडिओ बघून तू घर, कागदपत्रं, पैसे सगळं मार्गी लावायचं ठरवतेस, चार दिवस झपाट्याने करतेस, पाचव्या दिवशी ऑफिसातून यायलाच साडेआठ वाजतात आणि मग पलंगावर काढलेला पसारा उचलून परत कपाटात कोंबतेस. मिस्टर म्हणतात जाऊ दे ना, सासूबाई म्हणतात माझ्या वस्तूंना हात लावू नकोस. आणि तुझा प्रश्न असा की हा उत्साह टिकवायचा कसा आणि साथ कोणाची मागायची.

खरं सांगू का, तो टिकत नाही. माझाही कधी टिकला नाही. भांडुपला वन बीएचकेत २६ वर्षं काढली, नोकरी, दोन पोरं, सासू-सासरे, सगळं त्याच ४०० स्क्वेअर फुटांत, आणि एवढ्या वर्षांत "चला आज फाइली लावूया" असा उमाळा मला आपसूक एकदाही आलेला नाही. जे काही लागलं ते कोणीतरी वाट बघत बसलं होतं म्हणून लागलं.

भिशीचंच बघ ना. आमच्या बिल्डिंगमध्ये बारा जणींची आहे, महिन्याला दोन हजार, दहा तारखेला चिठ्ठी. ह्याच बारा जणींना सांग की बाई तेवढेच पैसे आपापल्या आरडीत टाका, निम्म्या जणी तिसऱ्या महिन्याला थांबतील (मी पहिली!). पण भिशी कोणी चुकवत नाही, कारण अकरा जणी चहा घेऊन बसलेल्या असतात आणि त्यांच्या तोंडावर "यावेळी राहिलं" म्हणायची लाज वाटते. म्हणजे शिस्त आपल्यात नाही असं नाही, एकटीने वापरायला ती पुरत नाही एवढंच.

माझं माहेर कोरेगावकडचं. आजोबा सांगायचे, पेरणी अडली की इर्जिक घालायचे. गावातले पाच-दहा जण आपापलं औत, आपापले बैल घेऊन एकाच्या रानात उतरायचे, दिवसभरात काम उरकायचं, मजुरी कोणी घ्यायचं नाही, ज्याचं रान त्याने पोटभर जेवण घालायचं, आणि पुढच्या वेळी हा त्यांच्या रानात. तेव्हा ह्याला कोणी मोटिव्हेशन वगैरे म्हणत नव्हतं. एकट्याने नांगरायला उतरलं की दुपारी बांधावर आडवं व्हावंसं वाटतंच, शेजारी आठ औतं चालू असली की नाही होता येत आडवं.

आमची इर्जिक लोकलमधली. आम्ही चौघी एकाच डब्यातल्या, सकाळची ठाण्याहून येणारी स्लो, मी भांडुपला चढायचे, बाकीच्या मुलुंड आणि ठाण्याच्या, भाज्या निवडत आणि सासवांबद्दल बोलत सीएसएमटी गाठायचो. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या आणि सगळ्या घरात अडकलो, चोवीस तास आपलाच पसारा डोळ्यासमोर, तेव्हा एकीने सुचवलं की शनिवारी चारला फोन लावू आणि आपापल्या घरात काहीतरी आवरू. ऑक्टोबरमध्ये बायकांना गर्दीची वेळ सोडून लोकलने जायला परवानगी मिळाली, पुढे ऑफिसं पण सुरू झाली, पण शनिवारचा फोन राहिला तो राहिलाच, आजही आहे.

करतो काय, तर काही विशेष नाही. चारला फोन लागतो, प्रत्येकीने एकच वाक्य बोलायचं, आज मी फ्रिजचा दरवाजा घेतेय, आज मी मुलाच्या शाळेच्या फायली घेतेय. मग फोन स्पीकरवर टाकून बाजूला ठेवायचा आणि ४५ मिनिटं कोणी बोलायचं नाही. नुसते आवाज येतात, कागद फाडल्याचे, डबे आपटल्याचे, कोणाचा तरी कुकर. शेवटी पुन्हा एकेक वाक्य, झालं की राहिलं. राहिलं असलं तरी चालतं, फक्त सांगायचं. ह्याला बॉडी डबलिंग म्हणतात हे मला खूप नंतर कळलं, एडीएचडी (एका कामावर लक्ष टिकवणं अवघड जातं अशी स्थिती) असलेल्या लोकांमध्ये हा शब्द बराच चालतो. आणि महिन्यातून एका रविवारी एकीच्या घरी सगळ्या जातो, माळा काढायचा असला किंवा स्वयंपाकघर रिकामं करायचं असलं तर, आणि जिचं घर तिने जेवण घालायचं. बाहेरून मागवलं तरी चालतं, आम्ही काही आजोबांच्या काळातल्या नाही.

एक नियम मात्र कडक आहे. सल्ला द्यायचा नाही. सुरुवातीला एक जण दुसरीच्या साड्या बघून "अगं हे काय ठेवलंयस, टाकून दे की" म्हणाली, ती साडी त्या बिचारीच्या आईची होती, आणि मग ती तीन शनिवार फोनवर आलीच नाही. काय ठेवायचं काय टाकायचं हे जिचं तिने ठरवायचं, बाकीच्यांनी फक्त सोबत करायची. तुला साथ कोणाची घ्यावी कळत नाहीये ना, तर आधी हे बघ की कोण गप्प बसू शकतं.

आता मिस्टरांचं. नवऱ्याला ह्यात पहारेकरी करू नकोस, मी केलं होतं आणि दर रविवारी भांडणं, कारण तो स्वतः त्याच पसाऱ्यात राहतो, त्याने आठवण केली की टोमणा वाटतो आणि नाही केली की बेफिकिरी वाटते. आणि "मला जरा मदत कर ना" हे वाक्य तर पूर्ण वाया, त्यातून पुरुषांना काहीही कळत नाही (आमच्याकडच्या तरी). त्यापेक्षा "रविवारी अकराला शिडी धर, मी माळ्यावरच्या पाच पिशव्या खाली देते, साडेअकराला तू मोकळा" असं सांग. काम किती, कुठून कुठपर्यंत आणि सुटका कधी, हे कळलं की माणूस येतो.

सासूबाईंच्या वस्तूंबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तशीच चूक माझ्याकडून सासऱ्यांच्या बाबतीत झालेली आहे. माझे सासरे होते तेव्हा मीटरच्या बाजूला खिळ्याला एक तार टांगलेली असायची, खालचं टोक वाकडं, आणि त्यात बिलं खुपसलेली. लाइट बिल, मेंटेनन्सची पावती, गॅसचं, सगळं एकावर एक, जाडजूड गठ्ठा. मला ते इतकं गबाळं वाटायचं की ते गावी गेले असताना मी ती तार काढली आणि छानपैकी वीस कप्प्यांचं फोल्डर आणलं, प्रत्येक कप्प्यावर लेबल. ते आल्यावर काही बोलले नाहीत. पण त्यानंतर आमच्या घरात एकही पावती वेळेवर सापडली नाही, कारण त्या फोल्डरमध्ये पावती घालायची म्हणजे कपाट उघडा, फोल्डर काढा, कप्पा शोधा, आणि तारेत घालायला एक सेकंद लागायचा. शिवाय नवीन बिल कायम वर, जुनं कायम खाली, तारीखवार आपोआप. पद्धत तीच भारी होती, दिसायला वाईट होती एवढंच. म्हणून म्हणते सासूबाईंच्या कपाटाला हात लावायच्या आधी त्यांना विचार की तुम्ही हे कसं शोधता. कदाचित काहीतरी शिकायला मिळेल, आणि नाही मिळालं तर एक अख्खं कपाट त्यांचं म्हणून सोडून दे. छोट्या घरात ते जड जातं मला माहितीय. पण ज्या दिवशी मी सोडलं त्याच्या साधारण दोन महिन्यांनी सासूबाईंनी स्वतःहून तीन पिशव्या बाहेर काढून बोहारणीला दिल्या, आणि बदल्यात एक स्टीलचं पातेलं घेतलं, म्हणजे कपडे गेले आणि भांडं आलं, असो.

चार दिवसांनी मोडतं हे तू फार मनाला लावून घेतेस असं वाटलं. ते २१ दिवसांत सवय लागते वगैरे विसर. लंडनमध्ये ९६ जणांवर एक अभ्यास झाला होता, २००९ च्या सुमारास, त्यात एखादी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागलेले दिसले, कोणाला १८ तर कोणाला २५० च्या वर निघाले. आणि त्यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. आता संकष्टीचं बघ, ऑफिसात कोणीतरी बर्थडेचा केक दिला आणि चुकून खाल्ला तर आपण काय पुढची चतुर्थी सोडतो का? "अरे देवा" म्हणतो, कान पकडतो आणि पुढच्या महिन्यात परत धरतो. पण कपाटाचं एक दिवस राहिलं की आपण ठरवतो की मी मुळात गबाळीच. हे कुठून येतं देव जाणे.

रोजच्या छोट्या कामांना वेळ ठरवू नकोस, मुंबईत वेळ आपल्या हातात नसते, मेगाब्लॉक असतो, पाऊस असतो. एखाद्या आधीच होणाऱ्या गोष्टीला बांध. पीटर गोलवित्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ह्यावर बरंच काम केलंय, अमुक झालं की मी तमुक करणार असं आधीच पक्कं ठरवलेलं असलं की काम होण्याची शक्यता वाढते. माझं असं आहे की दूध तापत ठेवलं की ओट्याजवळच्या टोपलीतले त्या दिवशीचे कागद बघायचे. उतू जाईल म्हणून हलता तर येतच नाही, मग तेवढ्यात चार कागद तरी हातावेगळे होतात.

डबे, ऑर्गनायझर, बास्केटी आधी आणू नकोस. मी क्रॉफर्ड मार्केटमधून सात पारदर्शक डबे टॅक्सीत घालून आणले होते, चार आजही माळ्यावर रिकामे आहेत. आणि पावसाळ्यात कागदांना हात घालू नकोस, हवेत एवढा ओलावा असतो की फायली बंद करून ठेवल्या की बुरशी धरते. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ कागदांसाठी उत्तम.

सुरुवात कपड्यांनी न करता कागदांनी कर असं मी सांगेन, कारण कपडे आवरले तर आपल्यालाच दिसतं, कागदात कधीकधी पैसे निघतात आणि पैसे निघाले की घरातल्या सगळ्यांना अचानक रस येतो. आमच्याकडे तसंच झालं. सासरे गेल्यावर जुन्या पिशवीत एका बँकेचं पासबुक मिळालं, कोणाला माहीतच नव्हतं. दहा वर्षं व्यवहार नसलेल्या खात्यातले पैसे बँक रिझर्व्ह बँकेच्या एका फंडात जमा करते, पण ते बुडत नाहीत, कागद दाखवून मागता येतात. रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये उद्गम नावाचं पोर्टल काढलंय, तिथे खातेदाराचं नाव आणि पॅन किंवा जन्मतारीख वगैरे टाकून शोधता येतं, क्लेम मात्र बँकेतच जाऊन करायचा. पाच चकरा झाल्या, दोनदा चुकीचा फॉर्म दिला त्यांनी, शेवटी अकरा हजार आणि काहीतरी मिळाले. रक्कम काही मोठी नाही, पण त्या दिवसापासून आमचे हे स्वतः फायली काढून बसायला लागले! नॉमिनी बघून घे सगळ्या खात्यांवर, नोव्हेंबर २०२५ पासून बँकेत चार जणांपर्यंत नावं देता येतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारसाचा प्रश्न वेगळा असतो, पण नाव असलं की मागे राहिलेल्यांच्या चकरा वाचतात. आणि आधार-पॅन वगैरे डिजिलॉकरमध्ये आहेतच, त्यांच्या झेरॉक्सचे गठ्ठे जपू नकोस.

फोनमधल्या फोटोंबद्दल विचारलंयस, ते मलाही जमलेलं नाही, त्यामुळे पास.

अजून एक, आणि हे तुझ्यासाठी असेल किंवा नसेलही. आमच्या चौघींमधली एक दर शनिवारी "राहिलं" म्हणायची. आठवडे झाले, महिना झाला. आम्हाला आळस वाटला, मी तर एकदा चिडलेही. नंतर कळलं की ती अंघोळ पण दोन-दोन दिवस करत नव्हती, झोप नाही, नुसती रडायची. तिथे शनिवारच्या फोनचा काही उपयोग नव्हता, डॉक्टरची गरज होती. केईएम, सायन, नायर सगळीकडे मानसोपचाराची ओपीडी आहे, आणि सरकारची टेली मानस म्हणून हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. कंटाळा सगळ्याच कामांचा येत असेल, आवडत्या गोष्टींचाही, तर पसारा बाजूला ठेव आणि आधी तिकडे बघ. ती आता बरी आहे, परवाच तिने शिवणाचा डबा लावला.

तर तुझ्यासाठी, चौघीजणी जमवत बसू नकोस, एक पुरे. ऑफिसातली, ट्रेनमधली, मामेबहीण, कोणीही, फक्त सल्ला न देणारी. तिला आजच मेसेज टाक की शनिवारी चारला फोन करतेय. कागदांना हात घालायच्या आधी, पहिल्या वेळी नुसता सराव म्हणून औषधांचा डबा घे. तिथे काय ठेवायचं हा प्रश्नच नसतो, एक्स्पायरी गेली की बाहेर, सासूबाईंचीही हरकत येणार नाही, आणि ४५ मिनिटांत नक्की संपतो. आमच्या डब्यात २०१७ चं खोकल्याचं औषध निघालं होतं, तुझ्याकडे किती जुनं निघतंय ते इथे येऊन लिही.