आधी आवाज, मग ड्रोन

व्यवसायासाठी फिल्म करून घ्यावी का, कशी घ्यावी, याबद्दल वाचकांचे बरेच प्रश्न आले. कारखान्यांच्या आणि शेतमालाच्या फिल्म्स करणं हेच माझं रोजचं काम असल्यामुळे संपादकांनी ते माझ्याकडे पाठवले. त्यातले काही इथे घेतले आहेत.

मॅडम, भोसरी एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवतो. परदेशी ग्राहकाला पाठवायला आणि बंगळूरच्या इमटेक्स प्रदर्शनात स्टॉलवर लावायला पाच मिनिटांची कंपनी फिल्म करायची आहे. कोटेशन बघून घरचे म्हणतात, पुतण्याकडे भारी फोन आहे, त्याच्याकडूनच करून घ्या. आम्ही नेमके कशाचे पैसे द्यायचे? – एक लघुउद्योजक, भोसरी

या दोन वेगळ्या फिल्म्स आहेत, एवढं आधी लक्षात घ्या. प्रदर्शनात आजूबाजूच्या मशिन्सचा आणि माणसांचा इतका गलका असतो की निवेदन कुणाच्या कानापर्यंत पोचत नाही. तिथे दीडेक मिनिटाची, आवाज बंद असला तरी कळेल अशी, मोठ्या अक्षरांची, पुन्हा पुन्हा लागणारी फिल्म हवी. ग्राहकाला पाठवायच्या फिल्ममध्ये माणूस बोलायला हवा, आणि ती तीन मिनिटांत नीट बसते. दोन्ही एकाच शूटिंगमधून निघतात. मात्र हे कोटेशन मागतानाच सांगा, नाहीतर दुसरी फिल्म वेगळं काम म्हणून बिलात येईल.

आता पैशांचं. फोनचं चित्र आज फार चांगलं येतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आपली वीज 50 हर्ट्झची आहे. त्यामुळे शॉपमधल्या ट्यूब आणि साधे एलईडी दिवे सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होत असतात. फोन बहुधा सेकंदाला 30 फ्रेम घेतो आणि शटर स्वतःच ठरवतो, मग चित्रात काळे पट्टे सरकताना दिसतात. जाणकार कॅमेरामन 25 फ्रेम ठेवतो, शटर 1/50 किंवा 1/100 वर बांधून टाकतो, आणि पट्टे येतच नाहीत. आवाजाचं काम याहून अवघड. तुमचा कॉम्प्रेसर चालू असताना घेतलेली मुलाखत नंतर कुठलंही सॉफ्टवेअर पूर्ण वाचवू शकत नाही. मी मुलाखती जेवणाच्या सुट्टीत, कॉम्प्रेसर बंद करून, कॉलर माइकवर घेते. मशिनचा आवाज नंतर वेगळा रेकॉर्ड करते. चित्र थोडं डावं असलं तर लोक चालवून घेतात. बोलणं कळलं नाही तर फिल्म तिथेच बंद करतात.

तरीही सगळ्यात मोलाचा भाग शूटिंगच्या आधीचा, रेकीचा, म्हणजे जागा आधी जाऊन बघण्याचा. मालकाला माझा पहिला प्रश्न असतो: ग्राहक तुम्हाला ऑर्डर द्यायला कुठे कचरतो? कुणी सांगतं, रिजेक्शनची भीती. कुणी म्हणतं, मटेरियल मिसळलं जाईल अशी शंका. जे उत्तर येईल त्यावर फिल्म उभी राहते. शंका मटेरियलची असेल तर मी स्टोअरमध्ये जास्त वेळ थांबते: बारवरचे रंग, हीट नंबरचा (धातू कुठल्या ओतणीतला ते सांगणारा) टॅग, कापलेल्या तुकड्याबरोबर पुढे जाणारं कार्ड. शंका अचूकतेची असेल तर पहिल्या नगाची तपासणी, सीएमएमची (मापं अचूक तपासणाऱ्या यंत्राची) खोली, गेजवरचं कॅलिब्रेशनचं स्टिकर. परदेशातला खरेदी विभागाचा इंजिनीअर फिल्म थांबवून ते स्टिकर वाचतो. तारीख उलटून गेलेली दिसली तर बाकीच्या देखण्या फ्रेम वाया जातात. म्हणून शूटिंगच्या दिवशी तुमच्या क्वालिटीच्या माणसाने माझ्या शेजारी उभं राहावं, असा माझा आग्रह असतो.

काय दिसू नये तेही त्याच दिवशी ठरवा. भिंतीवर लावलेलं दुसऱ्या ग्राहकाचं ड्रॉइंग, ट्रेमधल्या नगावरचा पार्ट नंबर, संगणकाच्या पडद्यावरचा प्रोग्रॅम. गुप्ततेच्या करारावर सही तुमची असते, कॅमेरामनची नाही. ऑपरेटरच्या डोळ्यांवर गॉगल आणि पायात सेफ्टी शूज हवेतच. आणि आतलं दिसावं म्हणून मशिनच्या दाराचा इंटरलॉक (दार उघडं असताना मशीन चालू न देणारी सोय) कुणी बायपास करायला सांगितला तर त्याला त्याच क्षणी नकार द्या. एका शॉटसाठी कुणाचा हात धोक्यात घालू नये. कूलंटमुळे काही दिसत नसेल तर ऑपरेटरला विचारून, दार लावून, एअर कट, म्हणजे हत्यार जॉबला न लागता कोरडी फेरी, घेता येतो. तो कधी आणि कसा घ्यायचा हे ऑपरेटरने ठरवायचं, दिग्दर्शकाने नाही.

फिल्मची सुरुवात गेट, बोर्ड आणि दीपप्रज्वलनाच्या फोटोने करू नका. जॉबवरून, म्हणजे मशीनवर लावलेल्या तुकड्यावरून, पहिली चिप सुटते तिथून करा. मालक म्हणून तुम्ही वीसेक सेकंद बोला, पण जे फक्त तुम्हीच सांगू शकता तेच सांगा. मराठी निवेदन मिनिटाला साधारण 100 ते 125 शब्दांचं होतं. तेव्हा तीन पानी मजकूर तीन मिनिटांत बसवण्याचा हट्ट नको.

कोटेशनमध्ये शूटिंगचे दिवस, माणसं, एडिटिंग, किती फेऱ्या दुरुस्तीच्या, निवेदकाचं मानधन, संगीताचा परवाना, प्रवास आणि 18 टक्के जीएसटी वेगवेगळे लिहून मागा. एकाच आकड्यावर सही करू नका. तुमच्या पुतण्यालाही कामाला लावा. वर्षभर शॉपमध्ये जे नवं होत राहील, नवं मशीन उतरेल, नवा फिक्श्चर बनेल, ते त्याने फोनवर टिपत राहावं. त्या कामाला त्याच्याइतका योग्य माणूस दुसरा नाही.

ताई, आमची देवगडला हापूसची कलमं आहेत. पुण्या-मुंबईला थेट घरपोच पेट्या देतो. मे महिन्यात चांगली जाहिरात फिल्म करून घ्यावी म्हणतो. 'अस्सल देवगड' हे लोकांना पटलं पाहिजे. – एक बागायतदार, देवगड

दादा, मे म्हणजे उशीर झाला. तोवर निम्मा हंगाम संपलेला असतो आणि तुमच्याकडे दाखवायला फक्त पिवळे आंबे उरतात. ते तर सगळ्यांकडेच असतात. तुमचं वेगळेपण डिसेंबर-जानेवारीत मोहरावर आहे, फेब्रुवारीत कैरी धरते तेव्हा आहे, आणि मार्च-एप्रिलमध्ये तोडणीला आहे. फिल्मवाल्याला सलग तीन दिवस बोलावण्याऐवजी हंगामात तीन वेळा एकेक दिवस बोलवा. प्रवासखर्च वाढेल, पण पुढच्या वर्षी मोहर येण्याआधीच विकायला हातात फिल्म असेल.

गिऱ्हाइकाच्या मनात दोन शंका असतात. दुसऱ्या राज्यातला आंबा देवगडच्या पेटीत भरलाय का, आणि कार्बाइडने पिकवलाय का? 'अस्सल' हा शब्द दहा वेळा उच्चारून त्या जात नाहीत. तोडणी दाखवा. नूतन झेल्याने देठासकट उतरवलेला आंबा जवळून दाखवा, आणि देठ तुटला की चीक सालीवर उतरून डाग कसा पडतो हे तुमच्याकडच्या जुन्या गड्यालाच सांगू द्या. चौदा आणे तयार झालेला आंबा तो कसा ओळखतो, तेही त्याच्याच तोंडून येऊ दे. मालवणी बोलला तर बोलू दे, खाली प्रमाण मराठीत ओळी टाकता येतात. निवेदकाच्या गोड आवाजापेक्षा त्या माणसावर लोकांचा विश्वास लवकर बसतो.

आणि आढी दाखवा. भाताच्या पेंढ्यावर मांडलेला हिरवा आंबा दिवसागणिक रंग धरत जातो, ते एकाच जागी रोवलेल्या कॅमेऱ्याने, ठरावीक वेळाने एकेक फ्रेम घेऊन टिपता येतं. मग कित्येक दिवसांचं पिकणं दहा सेकंदांत डोळ्यांसमोर घडतं. हे आपल्याकडे नवं नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये वाटाण्याच्या अंकुराची वाढ अशीच एकेक फ्रेम घेऊन टिपली होती. चित्रपटाला भांडवल हवं होतं, म्हणून ती छोटी फिल्म त्यांनी पैसे देऊ शकणाऱ्यांना दाखवली. 1913 चा त्यांचा पहिला चित्रपट त्यानंतरचा. धंद्यासाठी विश्वास कमवायला केलेली आपल्या मातीतली ही इतकी जुनी फिल्म आहे, याचा मला फार अभिमान वाटतो. ती कामी आली, कारण फाळक्यांनी नुसता शब्द दिला नाही, आपल्याला काय करता येतं ते प्रत्यक्ष दाखवलं. तुम्हीही आढीपाशी तेच करायचंय. फक्त कॅमेऱ्यासमोरचा दिवा बदलू नका आणि खिडकी झाकून घ्या, नाहीतर दिवस-रात्रीच्या उजेडाने चित्र लुकलुकेल.

हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे त्यात आहेत. तुम्ही अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदणी केली असेल तर ते प्रमाणपत्र शेवटी दोन सेकंद स्पष्ट दिसू दे. केली नसेल तर आधी ती करा, फिल्म थांबू शकते.

आमचा बचत गट नाचणी सत्त्व आणि मसाले करतो. व्हॉट्सॲपवर टाकायला व्हिडिओ केला, पण तो पुढे पाठवला की धूसर होतो. शिवाय त्याला लावलेल्या सिनेमाच्या गाण्यामुळे इन्स्टाग्रामवर आवाजच बंद झाला. 'साखर कमी करते' असं लिहिलेलं चालेल का? – एक सदस्य, सांगली

नाही चालणार, ताई. अमुक पदार्थाने मधुमेह किंवा दुसरा कुठला आजार बरा होतो, असा दावा खाद्यपदार्थाच्या जाहिरातीत करता येत नाही. नाचणी कुठून आणली, मोड कसे आणले, कुठे सुकवली, दळली कशी, हे दाखवा. तेवढं पुरतं. पाकिटावरचा एफएसएसएआयचा 14 अंकी क्रमांक वाचता येईल असा एक शॉट जरूर ठेवा.

गाणं काढून टाका. चित्रपटातलं गाणं व्यवसायासाठी वापरायला परवाना लागतो, मग ते 15 सेकंदच का असेना. जात्याचा किंवा खलबत्त्याचा खरा आवाज ठेवा, तो जास्त चांगला लागतो. आणि व्हॉट्सॲपवर व्हिडिओ नेहमीसारखा न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो दाबला जात नाही. तुमच्यासाठी व्यावसायिक युनिट लागणार नाही. खिडकीजवळची जागा, तीनशे-चारशे रुपयांचा कॉलर माइक आणि स्थिर स्टँड एवढ्यावर सुरुवात करा.

फिल्मचे पूर्ण पैसे दिले. आता त्यातले काही शॉट्स दुसरीकडे वापरायचे आहेत, पण निर्माता मूळ फुटेज देत नाही. हक्क कुणाचा? – एक संचालक, नाशिक

कॉपीराइट कायदा, 1957, कलम 17 पाहा. मोबदला देऊन तुमच्या सांगण्यावरून फिल्म केली असेल आणि उलट करार नसेल, तर त्या फिल्मचे पहिले मालक तुम्ही. पण न वापरलेलं फुटेज सांभाळून ठेवणं आणि तुमच्या हवाली करणं याबद्दल करारात काही लिहिलेलं नसेल, तर इथेच भांडणं होतात. आधी तुमचा करार वाचा आणि मग निर्मात्याशी शांतपणे बोला. हार्ड डिस्क तुम्ही द्या, कॉपी करण्याचा वाजवी मोबदला देऊ करा. बहुतेकदा काम होतं. पुढच्या वेळी कामाच्या आदेशातच लिहा: संपूर्ण फुटेज, एडिटिंगचं प्रोजेक्ट आणि संगीताच्या परवान्याची प्रत मिळेल.

ड्रोन शॉट हवाच का? – एक वाचक, पुणे

नाही. विस्तार हाच तुमचा मुद्दा असेल तर घ्या: बाग, गोदाम, सौरऊर्जा प्रकल्प. चार हजार चौरस फुटांच्या शॉपचं पत्र्याचं छप्पर दाखवून काहीच कळत नाही. घ्यायचाच असेल तर ड्रोन नियम, 2021 पाळा. 250 ग्रॅमच्या वरचा ड्रोन व्यावसायिक कामासाठी उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. ग्रीन झोनमध्ये (नकाशावर हिरव्या दाखवलेल्या भागात) 400 फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, पण पुण्यात लोहगावचा हवाई तळ आहे, तेव्हा आधी सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा बघा. ड्रोनचे पैसे आणि चांगला साउंड रेकॉर्डिस्ट यांत निवड करायची वेळ आली, तर मी दर वेळी साउंड रेकॉर्डिस्टच घेते.

मी लग्नाचे व्हिडिओ करतो. कॅमेरा, गिंबल, लाइट सगळं आहे. मला कारखान्यांच्या फिल्म्सकडे वळायचंय. काय शिकू? – एक तरुण, लातूर

लग्नात एकदा गेलेला क्षण परत मिळत नाही, त्यामुळे तुझी नजर आणि हात तयार आहेत. हे मोठं भांडवल आहे, ते कमी लेखू नकोस. फरक एवढाच की लग्नाची फिल्म घरचे लोक प्रेमाने बघतात. कारखान्याची फिल्म बघणारा परका असतो आणि त्याच्या मनात शंका असते.

लातूरमध्येच सुरुवात कर. तुझ्याकडे डाळ मिल्स आहेत, तेलाच्या गिरण्या आहेत. एखाद्या मालकाला विचार आणि पहिला दिवस कॅमेरा न नेता नुसता बस. तूर आत येते तिथपासून पोत्यात भरेपर्यंत काय होतं ते वहीत लिही. ओलावा कोण तपासतो, कशाने तपासतो, पॉलिश कधी होतं, कुठल्या टप्प्यावर माल परत जातो. यातल्या ज्या उत्तराने तुला नवल वाटेल, ते ग्राहकालाही वाटेल. त्यावर दोन मिनिटांची फिल्म कर, मालकाला दाखव, आणि त्याच्या एखाद्या खरेदीदारालाही दाखव. खरेदीदार बघताना कुठे थांबवतो आणि काय विचारतो ते लिहून घे. एडिटिंग पुन्हा त्यावरून कर.

डाळ मिलमध्ये बारीक भुसा उडतो, तेव्हा तिथे लेन्स बदलू नकोस. आत जातानाच जी लावायची ती लावून जा. सुपरवायझरला विचारल्याशिवाय मशिनच्या फिरत्या पट्ट्याजवळ उभा राहू नकोस, आणि गळ्यात कॅमेऱ्याचा पट्टा लोंबता ठेवू नकोस.