आधी रस्त्यावरचा मुरूम उचला

प्रश्न : आम्ही जुळे सोलापुरात चाळीसेक प्लॉटच्या कॉलनीत राहतो. कॉलनीला गेट नाही, कोणीही येतं-जातं. शेजारचा अकरावीतला सोळा वर्षांचा मुलगा सायलेन्सर बदललेली बुलेट भरधाव पळवतो. वडील म्हणतात, ‘पोरगं आहे, चालायचंच.’ समोरचे गृहस्थ जीप नेमकी आमच्या फाटकाला आडवी लावतात. आईला डायलिसिसला न्यायचं असलं की त्यांना हाका मारत उभं राहावं लागतं. बोललं तर, ‘रस्ता काय तुमच्या बापाचा आहे का?’ वैतागून आम्ही तिघांनी मुरूम टाकून ब्रेकर केला. आता दोघंही आमच्यावरच केस करू म्हणतात. मला तर जीपची हवा सोडावीशी वाटते. काय करू? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : हवा सोडू नका, आणि तो मुरूम आजच उचला. उचलल्यावर मोकळ्या रस्त्याचा फोटो काढून ठेवा. तुमची बाजू खरी असताना तुम्ही समोरच्याच्या हाती आयतं कोलीत दिलं आहे. गतिरोधक घालणं हे महापालिकेचं काम. आपण घातला तो कायद्याच्या दृष्टीने रस्त्यातला अडथळा. अंधारात कोणी दुचाकीवरून पडलं तर भारतीय न्याय संहितेची कलमं १२५ (दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात घालणं) आणि २८५ (सार्वजनिक रस्त्यात अडथळा किंवा धोका निर्माण करणं) तुमच्या तिघांवर लागू शकतात, नुकसानभरपाईचा दावा वेगळाच.

‘बापाचा रस्ता’ या मुद्द्याचं म्हणाल, तर तो तुमच्या बापाचा नाही तसा त्यांच्याही नाही. मोटार वाहन कायद्यात सार्वजनिक ठिकाण म्हणजे जिथे लोकांना जाण्यायेण्याचा हक्क आहे ते. त्यामुळे रस्ता खाजगी असल्याचा बचाव तुमच्या कॉलनीत टिकणं अवघड. तरी कागद हाती असू द्या. महापालिकेच्या नगररचना विभागातून मंजूर लेआउटची, म्हणजे प्लॉट आणि रस्ते दाखवणाऱ्या नकाशाची, नक्कल मागा. सरळ मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका.

आता महत्त्वाचं. दोन्ही तक्रारी एका अर्जात कोंबू नका. बुलेट, जीप, शिवीगाळ, जुनी भांडणं असं सगळं एकत्र लिहिलं की ‘शेजाऱ्यांचा आपसातला वाद’ असा शेरा पडून अर्ज फाइलला लागतो. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, एका पानाचा.

मुलाच्या बाबतीत वेग सिद्ध करण्याच्या भानगडीत पडू नका, ते फार कठीण. सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीचं लायसन्स मिळू शकतं. बुलेट त्याने चालवली हाच गुन्हा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे अशा वेळी पालक किंवा गाडीमालक दोषी आहे असं न्यायालय गृहीत धरतं; मला माहीत नव्हतं किंवा मी पुरेशी खबरदारी घेतली होती, हे सिद्ध करायची जबाबदारी त्यांची. ‘चालायचंच’ म्हणणाऱ्या वडिलांना ते जड जाईल. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. माझा सल्ला : तक्रारीआधी एकदा कॉलनीतल्या दोन वडीलधाऱ्यांना घेऊन त्यांच्या घरी जा आणि हे कलम त्यांच्यापुढे ठेवा. तुरुंगाचं नाव काढलं तर लोक हसण्यावारी नेतात. पोराचं लायसन्स अडकणार म्हटल्यावर मात्र आईच आतून बाहेर येते. नाहीच ऐकलं तर वाहतूक शाखेत अर्ज द्या. बदललेल्या सायलेन्सरसाठी कलम १८२अ आहेच.

जीपचा दंड खरं तर किरकोळ. मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ (इतरांना अडथळा किंवा धोका होईल अशी गाडी उभी करणं) सोबत १७७ (दंडाचं सर्वसाधारण कलम) लावलं तर पहिल्या वेळी ५०० रुपये, पुढे १,५००. पण वाहतूक पोलिसांना गाडी उचलून नेता येते, आणि त्याचा त्रास दंडापेक्षा मोठा असतो. न्याय संहितेच्या कलम २८५ खाली ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे, तोही अर्जात लिहा. आईच्या डायलिसिसचे वार आणि वेळा कागदावर लिहून जीपवाल्यांना द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. सही करत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. मग ‘आम्हाला काय ठाऊक’ म्हणायला जागा राहत नाही.

व्हिडिओ घेताना नंबरप्लेट आणि तुमचं फाटक एकाच चौकटीत येऊ द्या. मूळ फाइल फोनमधून पुसू नका. प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे व्हिडिओसारख्या डिजिटल पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडावं लागतं. आणि मुलाचा चेहरा कॉलनीच्या ग्रुपवर टाकू नका. तो अल्पवयीन आहे. त्याची ओळख उघड केल्याचा ठपका उलट तुमच्यावर येईल.

दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) असूनही ठाण्यात नोंद घेतली नाही, तर फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १७३(४) प्रमाणे पोलीस आयुक्तालयात लेखी तक्रार पाठवता येते. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकारी.

ब्रेकर हवाच असेल तर महापालिकेला सगळ्या प्लॉटधारकांच्या सह्यांचा अर्ज द्या. जीपवाल्यांचीही सही मागा. बुलेटचा आवाज त्यांच्याही घरात जातोच की.