कांजिण्या झाल्या असताना पहाटे टेकडीवर चालायला गेलं तर चालतं का?

तुम्ही लिहिलंय की वय 36, अंगावर फोड येऊन आज चौथा दिवस, ताप उतरलाय, एका खोलीत कोंडून जीव नकोसा झालाय. पहाटे पाचला टेकडीवर चिटपाखरू नसतं, तेव्हा घरातले झोपेत असताना तासभर चालून आलो तर कुणाचं काय बिघडणार?

जाऊ नका. ‘मास्क लावून जा’ असंही मी म्हणणार नाही. जाऊच नका.

टेकडीवरच्या हवेबद्दल माझी तक्रार नाही. उघड्यावर वारा असतो, माणसं लांब असतात, तिथे कुणाला लागण होण्याची भीती फार कमी. पण टेकडी तुमच्या दारात सुरू होत नाही. आधी जिना आहे, नाहीतर लिफ्ट आहे, पार्किंग आहे, खुर्चीत डुलक्या काढणारा वॉचमन आहे. आणि परत येताना पुन्हा तेच सगळं. कांजिण्या नुसत्या फोडातल्या पाण्याला हात लागून पसरत नाहीत, श्वासातूनही पसरतात. बंद जिन्यात खाली कुणी उदबत्ती लावली की वरच्या मजल्यापर्यंत वास जातो, तसंच हे. एका घरात राहणाऱ्या, आधी कांजिण्या न झालेल्या आणि लसही न घेतलेल्या दहा जणांपैकी नऊ जणांना त्या होतात. इतका चिकट रोग आहे हा. रुग्णालयात अशा पेशंटला गोवर आणि टीबीच्या पेशंटसारखं वेगळ्या खोलीत ठेवतात ते उगीच नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. आमच्या घरात जे झालं त्यावरून सांगतेय.

आम्ही कोथरूडला जुन्या तीन मजली इमारतीत राहतो. लिफ्ट नाही. पहिल्या मजल्यावर आम्ही आणि सासूबाई, तिसऱ्यावर मोठे भाऊजी आणि जाऊबाई. 2023 च्या फेब्रुवारीत पुतण्याला शाळेतून कांजिण्या आल्या. माझी नणंद तेव्हा बाळंतपणासाठी आमच्याकडेच आलेली होती, दिवस भरत आले होते. तिच्या डॉक्टरांना आम्ही लगेच कळवलं. त्यांनी विचारलं, हिला लहानपणी झाल्या होत्या का? सासूबाई छातीठोकपणे म्हणाल्या, सगळ्या भावंडांना एकदम झाल्या होत्या, फक्त थोरला त्या वर्षी आजोळी होता म्हणून सुटला. तिथे विषय मिटला.

तरीही सासूबाईंनी जुन्या रीतीने तिसऱ्या मजल्याच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा लावला. घरात देवी आली आहे, आत येऊ नका, हे बाहेरच्याला सांगायची ती खूण. त्यामागची देवीची भावना मला पटत नाही, पण खुणेचं काम तो डहाळा चोख करत होता. गॅसवाला खालीच थांबायचा. डबा आम्ही वरच्या पायरीवर ठेवून मागे फिरायचो. जाऊबाईंनी एकदाही खाली पाऊल टाकलं नाही.

मग भाऊजींना झाल्या. मोठ्या माणसाला कांजिण्या लहान मुलापेक्षा जास्त पिडतात. ताप, अंगदुखी, तोंडात घशात फोड. भाऊजी म्हणजे वर्षानुवर्षं टेकडी न चुकवणारा माणूस. पावसाळ्यात रेनकोट घालून जाणारे. ताप उतरल्याबरोबर ते पहाटे गुपचूप जायला लागले. जाऊबाईंना माहीत होतं, आम्हाला नाही.

नवव्या महिन्यात झोप कसली येते. नणंद पहाटेच उठून पुढच्या खोलीत बसायची, वारा यावा म्हणून आतलं दार उघडं ठेवून, बाहेरचं सेफ्टी डोअर तेवढं लावून. भाऊजी टेकडीवरून परतताना तिला दिसायचे. खालच्या फाटकाला लटकवलेल्या दुधाच्या पिशव्या एका हातात, तोंडाला मफलर. ते दारापासून दोन पायऱ्या वर उभे राहायचे आणि बहीण-भाऊ जाळीतून बोलत बसायचे. बाळाचं नाव, जुन्या आठवणी, काय काय. धाकटी बहीण, लाडकी. त्यात वाईट हेतू अजिबात नव्हता, मी तो कधीच लावला नाही.

साधारण दोन आठवड्यांनी तिच्या पोटावर आणि पाठीवर पुरळ उठलं. म्हणजे लहानपणी तिला झालं ते काहीतरी वेगळंच असणार, बहुतेक गोवर. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, संपर्क कधी आला? आम्ही सगळे ठामपणे सांगतोय की आलाच नाही, आणि ती हळूच म्हणाली, “दादा यायचा ना पहाटे.”

डॉक्टर काही क्षण काहीच बोलल्या नाहीत. मग त्यांनी जे समजावलं ते तुम्हीही ऐका. आधी कांजिण्या न झालेल्या गरोदर बाईचा असा संपर्क आला, तर दहा दिवसांच्या आत तिला तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन देता येतं. जितकं लवकर तितकं चांगलं. आधी साधी रक्ततपासणी करून तिच्या अंगात प्रतिकारशक्ती आहे का तेही कळतं. हे सगळं करायला कुणाला तरी संपर्क झाल्याचं माहीत असावं लागतं. चोरून केलेल्या फिरण्याने तीच वेळ गेली.

पुरळ उठल्याच्या तिसऱ्या दिवशी तिला कळा सुरू झाल्या. बाळंतपणाच्या आधीचे पाच दिवस ते नंतरचे दोन दिवस, या काळात आईला कांजिण्या उठल्या तर तो बाळासाठी सगळ्यात वाईट काळ. विषाणू बाळापर्यंत पोचलेला असतो आणि आईच्या अँटीबॉडी पोचलेल्या नसतात. बाळाच्या जिवावर बेतू शकतं. ते इंजेक्शन बाळाला तातडीने द्यायचं होतं आणि ते सहज मिळत नाही. माझा नवरा फोन करकरून थकला. शेवटी मुंबईहून थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून आणलं.

बाळाला आईपासून वेगळं ठेवलं. मला लहानपणी कांजिण्या होऊन गेलेल्या, म्हणून बाळाकडे मी. ती पलीकडच्या खोलीत पंपाने दूध काढून द्यायची, मी बोंडल्याने पाजायचे. पापणीवर फोड आल्याने तिचा एक डोळा नीट उघडत नव्हता, आणि ती मला सारखे फोटो मागायची. चेहऱ्याचे फोटो पाहून तिचं भागायचं नाही. नखं दाखव, म्हणायची. कानाची पाळी दाखव.

बाळाला पुढे दोन-चार फोड आलेच, पण औषधं वेळेवर मिळाल्याने निभावलं. आज पोरगं धावतंय.

भाऊजींचं म्हणणं आजही तेच. “सिद्ध करून दाखव. तपासणीला जायची तेव्हा डॉक्टरकडच्या गर्दीतही लागलं असेल.” असेल. मी नाकारत नाही. पण ज्याला आपल्या अंगावर फोड दिसतायत त्याने सांगायचं असतं, बाकीच्यांनी सिद्ध करत बसायचं नसतं. दुसरा त्यांचा मुद्दा करोनाचा. 2020 च्या जूनमध्ये ‘मिशन बिगिन अगेन’ सुरू झालं तेव्हा सरकारनेच पहाटे 5 ते संध्याकाळी 7 मोकळ्यावर चालायला, पळायला, सायकल चालवायला परवानगी दिली होती, मग मोकळ्या हवेला एवढं काय घाबरायचं, असं ते अजूनही चारचौघांत म्हणतात. भाऊजी, ती परवानगी धडधाकट माणसांना होती. ज्यांना घरात थांबायला सांगितलं होतं त्यांच्या डाव्या हातावर त्याच सरकारने मार्चमध्ये शिक्के मारले होते. ते शिक्केवाले टेकडीवर दिसले असते तर तुम्हीच आधी पोलिसांना फोन केला असता.

आता तुमच्या व्यायामाचं. ताप येऊन गेलेल्या शरीराला आठवडाभर व्यायाम मिळाला नाही तर काही झडत नाही. उलट घाम आला की खाज वाढते, खाजवलं की फोड फुटतात, त्यात जंतू शिरले की व्रण राहतात. मोठ्या माणसांना कांजिण्यांतून न्यूमोनिया होऊ शकतो, सिगारेट ओढणाऱ्यांना तर जास्तच. अशात चढ चढून छातीची परीक्षा कशाला घ्यायची? खोलीत फेऱ्या मारा, खिडकी उघडी ठेवून बसा, पाय आखडले तर हलकं ताणा. कंटाळा येईल. येऊ द्या.

हे किती दिवस? पुरळ उठायच्या एक-दोन दिवस आधीपासून ते सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत तुम्ही दुसऱ्याला रोग देऊ शकता. साधारण पाच ते सात दिवस लागतात, पण दिवस मोजू नका, अंग बघा. डोक्यात केसांखाली आणि काखेत शेवटचा ओला फोड लपलेला असतो, तिथे कुणाला तरी बघायला सांगा. तो सुकला की खुशाल जा टेकडीवर, पहिल्या दिवशी अर्ध्यातून परत या.

तुमचं स्वतंत्र घर असेल, अंगण फक्त तुमचंच असेल किंवा गच्चीवर जायला दुसऱ्या कुणाचा जिना लागत नसेल, तर माझं वरचं निम्मं म्हणणं तुम्हाला लागू नाही. जा, मोकळी हवा घ्या, नुसतं उन्हात आणि घाम येईपर्यंत नको.

आणि घरातल्यांचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीये. बायकोला पूर्वी झाल्यात का? मुलांना लस दिलीय का? ही लस सरकारी मोफत लसीकरणात नाही, खासगीत पैसे मोजून घ्यावी लागते, त्यामुळे पुष्कळ मुलांची राहिलेली असते. नसेल दिली तर आजच त्यांच्या डॉक्टरांना विचारा, संपर्कानंतर पहिल्या तीन ते पाच दिवसांत दिली तरी उपयोग होतो. बायकोला दिवस गेलेले असतील तर मात्र ही लस चालत नाही, तिच्या डॉक्टरांना लगेच फोन करा. मुलांना तापासाठी अ‍ॅस्पिरिन चुकूनही देऊ नका, पॅरासिटामॉलच द्या.

तुम्हाला स्वतःला धाप लागली, खोकला वाढला, मान ताठली किंवा ताप पुन्हा चढला तर अर्थातच बाहेर पडा, लगेच. फक्त दवाखान्यात शिरण्याआधी फोन करून कांजिण्या आहेत असं सांगा. म्हणजे बाहेरच्या बाकावर बसलेल्या बायकांमध्ये आणि तान्ह्या मुलांमध्ये न बसवता ते तुम्हाला थेट आत घेतील.