कॅरॅव्हॅनच्या स्टॅबिलिटी यंत्रणेचा दिवा कधी हिरवा, कधी लाल का होतो? कंट्रोल बॉक्स बदलायचा का?

तुमच्या वर्णनावरून चित्र असं दिसतं: ओव्हररन ब्रेकची कॅरॅव्हॅन (गाडी मंदावली की कॅरॅव्हॅनच्या स्वतःच्या रेट्यानं लागणारे ब्रेक), अॅक्सलजवळ बसवलेली अल-को कंपनीची एटीसी ही डुलणं आवरणारी यंत्रणा. प्लग जोडल्यावर दिवा बहुतेक वेळा हिरवा होतो, पण खडबडीत रस्त्यावरून आल्यावर थांबून बघितलं की लाल. वर्कशॉपनं कंट्रोल बॉक्स बदलायला सांगितलाय. इतक्यात बदलू नका. खड्ड्यागणिक येणारा-जाणारा दोष बहुधा सैल जोडणीचा असतो. बॉक्सचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो.

कॅरॅव्हॅन आडवी डुलू लागली की आतला सेन्सर ते ओळखतो आणि एक छोटी मोटर ब्रेकचा रॉड ओढून कॅरॅव्हॅनचे ब्रेक लावते. त्यासाठी यंत्रणेला दोनच गोष्टी हव्यात: भरपूर वीज आणि कुठेही ढिली नसलेली ब्रेकची जोडणी (रॉड, केबल, शू). प्लग जोडल्यावर ती स्वतःची चाचणी घेते. तेव्हा मोटरचा घुर्रऽ आवाज येतो आणि मग दिवा हिरवा होतो. हा आवाज कान देऊन ऐका. आवाजही नाही आणि दिवाही नाही, तर वीजच पोचत नाहीये. आवाज येऊनही दिवा लाल राहत असेल, तर मोटर चालताना व्होल्टेज कोसळतंय किंवा ब्रेक इतके ढिले आहेत की मोटरची हालचाल अपेक्षेपेक्षा जास्त होतेय.

आधी वीज. १३ पिनच्या प्लगमध्ये यंत्रणेला वीज मिळते ९ नंबरच्या पिनवरून, आणि तिची अर्थ (वीज परत नेणारी ऋण तार) आहे १३ नंबरची. दिव्यांची अर्थ वेगळी, ३ नंबरची. त्यामुळे "मागचे सगळे दिवे नीट लागतात" यावरून इथे काहीच सिद्ध होत नाही.

आता नुसता मल्टीमीटर लावू नका, तो फसवतो. गंजलेल्या पिनमधूनसुद्धा मीटरला साडेबारा व्होल्ट दिसतात, कारण मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. गाडीचा जुना ५५ वॅटचा हेडलाइट बल्ब घ्या (साधारण साडेचार अँपिअर ओढतो), इंजिन चालू ठेवून तो गाडीच्या सॉकेटमध्ये ९ आणि १३ मध्ये जोडा आणि बल्ब पेटलेला असताना तिथलं व्होल्टेज मोजा. लगेच बॅटरीच्या टोकांवर मोजा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर दोष गाडीच्या बाजूला आहे. कुठल्या तारेत? बल्ब तसाच पेटता ठेवून मीटरची एक टोच बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरी पिन ९ ला लावा. मग एक ऋण टोकाला आणि दुसरी पिन १३ ला. ज्या मोजणीत आकडा मोठा, ती तार दोषी. बऱ्याचदा ती अर्थच निघते. या दोन तारा २.५ चौरस मि.मी. जाडीच्या आणि फ्यूज १५ अँपिअरचा हवा. स्वस्तातल्या किटमध्ये बारीक तार टाकलेली असते.

गाडीकडून सगळं ठीक असेल तर हीच बल्बची परीक्षा कॅरॅव्हॅनच्या बाजूला, यंत्रणेच्या कनेक्टरपाशी करा, आणि बल्ब पेटलेला असताना प्लगपासून मागेपर्यंत केबल हलवत, वाकवत जा. बल्ब लुकलुकला तिथे थांबा. तुमच्या लक्षणांवरून मला सर्वात जास्त संशय याच तुकड्याचा आहे: प्लगमध्ये शिरतानाची वाकण, आणि कपलिंगमागे केबल जिथे लोखंडाला घासते ती जागा. प्लग उघडून हिरवट थर, पाणी आणि सैल स्क्रूही बघा.

हास्यास्पद वाटेल, पण १३ पिनचा प्लग सॉकेटमध्ये शेवटपर्यंत फिरवून बसवलाय ना? अर्धवट फिरला तर दिवे लागतात आणि पहिल्याच खड्ड्यात ९ नंबर सुटतो. साधा ७ पिनचा अडॅप्टर मध्ये असेल तर ९ नंबरची कायम चालू असणारी वीज येतच नाही. आणि काही गाड्या इंजिन बंद झाल्यावर थोड्या वेळानं ९ नंबरची वीज स्वतःच तोडतात. तेव्हा दिवा विझणं हा दोष नव्हे.

वीज स्वच्छ निघाली तरी दिवा लाल, मग ब्रेकचं अॅडजस्टमेंट. इथे चूक हमखास एकच होते: शू (ड्रमच्या आत घासून चाक थांबवणारे भाग) झिजलेत म्हणून मधला रॉड आवळून ढिलाई काढली जाते. क्रम उलटा आहे. सपाट जमिनीवर कॅरॅव्हॅन गाडीला जोडा, चाकांना ठोकळे लावा, हँडब्रेक पूर्ण सोडा, कपलिंगचा दांडा पूर्ण पुढे ओढलेला ठेवा. एकेक चाक ठरलेल्या जागी जॅकवर उचला. चाक फक्त पुढच्या दिशेनं फिरवायचं. मागे फिरवलं तर रिव्हर्सची सोय शू मोकळे करते आणि माप चुकतं. ड्रममागच्या भोकातून शू जवळ-लांब करणारी दातेरी चाकी फिरवून चाक अडवा, मग ते मोकळं फिरेपर्यंत मागे घ्या. अल-कोच्या नेहमीच्या ड्रमवर आतली केबल हातानं ओढल्यावर साधारण ५ ते ८ मि.मी. बाहेर यावी. दोन्ही बाजूंचं माप सारखं हवं. हे झाल्यावरच रॉडची ढिलाई बघायची. हँडब्रेक ओढल्यावर दोन्ही बाजूंच्या केबल जिला जोडलेल्या असतात ती समतोल पट्टी अॅक्सलला समांतर राहिली नाही, तर एक केबल ताणली गेलीय किंवा आत अडकलीय. आपोआप अॅडजस्ट होणारे ब्रेक असतील तर दातेरी चाकीला हात लावू नका.

ड्रम काढावाच लागला तर हबचा मोठा नट परत वापरायचा नाही. तो एकदाच वापरण्याचा असतो, आणि अल-कोच्या युरो अॅक्सलवर नवा नट २९० न्यूटन-मीटरला आवळतात. एवढा टॉर्क-रेंच नसेल तर ते काम करून घ्या.

एवढं करूनही दिवा लालच राहिला, तर अधिकृत सर्व्हिसकडे नेऊन यंत्रणेतली दोष-नोंद वाचून घ्या. बॉक्स बदलायचा की नाही, ते त्या नोंदीवरून ठरवा.

वाटेत लाल झाला तर थांबा, प्लग काढा, मिनिटभरानं परत लावा. तरीही लाल असेल तर थोडं हळू चालवून थांबा आणि ड्रमजवळ हात न्या, टेकवू नका. एखादा ड्रम बाकीच्यांपेक्षा खूप तापला असेल तर ब्रेक धरून बसलाय, पुढे ओढू नका. ब्रेक मोकळे असतील तर ओव्हररन ब्रेक नेहमीसारखे लागतात. फक्त डुलणं आवरणारं कुणी नाही, म्हणून वेग कमी ठेवा.

ज्यांच्याकडे इलेक्ट्रिक ब्रेक आहेत त्यांनी हीच बल्बची युक्ती वापरावी, शिवाय पूर्ण ब्रेक लावून करंट मोजावा. नेहमीच्या १० किंवा १२ इंची ड्रमचा एकेक मॅग्नेट सुमारे ३ अँपिअर घेतो, म्हणजे चार चाकांना १२ च्या आसपास. ९ मिळाले तर एक चाक मेलंय.

आणि गाडीच्या डॅशबोर्डवर येणारी ट्रेलरची चूक ही वेगळी भानगड आहे. ती गाडीच्या स्वतःच्या यंत्रणेची असते. कॅरॅव्हॅनला एलईडी दिवे असतील तर काही गाड्यांना मागे ट्रेलर जोडलाय हेच कळत नाही. तिचा या लाल दिव्याशी संबंध जोडू नका.