नव्या कोचनी सिनियर मुलांना बाहेर बसवलं, हे बरोबर आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या तुमच्या कॉलेजची फुटबॉल टीम तीन वर्षं पहिल्याच फेरीत बाहेर पडतेय. यंदा नवे कोच आलेत आणि त्यांनी शेवटच्या वर्षाच्या चौघांना बसवून एफ.वाय.ची पोरं खेळवायला घेतलीत. त्या चौघांतले एक तुम्ही. हे योग्य आहे का, आणि टीम उभी राहायला किती वेळ लागतो?

मी अगदी तुमच्याच जागी होतो. २०१२ च्या जूनमध्ये आमच्याकडे नवे सर आले तेव्हा मी टी.वाय.ला होतो आणि दोन वर्षं लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, म्हणून खेळलो होतो. आदल्या वर्षी पहिल्याच मॅचमध्ये आम्ही सहा गोल खाल्ले होते. सरांनी तिसऱ्या आठवड्यात माझी जागा एका एफ.वाय.च्या पोराला दिली. त्या संध्याकाळी मी घरी जाऊन स्टड माळ्यावर टाकले आणि आईला सांगितलं, फुटबॉल संपलं.

आज विचाराल तर सांगेन, सरांचं बरोबर होतं. कॉलेजची टीम क्लबसारखी नसते, तीन वर्षांत ती आपोआप रिकामी होते. त्यात इंटरकॉलेज बहुतेक नॉकआउट. आधी आपल्या विभागात, मग आंतरविभागीय, तिथून विद्यापीठाची टीम. एक दिवस वाईट गेला की वर्ष गेलं. अशा ठिकाणी कोच टी.वाय.च्या मुलांवर सगळा वेळ घालवत बसला, तर पुढच्या जूनमध्ये त्याच्या हातात काहीच उरत नाही. टीम उभी राहायला दोन ते तीन वर्षं लागतात, म्हणजे आज पहिल्या वर्षाला असलेली मुलं शेवटच्या वर्षाला जाईपर्यंत. तुम्ही त्यात नसणार हे कडू आहे, पण ते तसंच आहे.

आमच्या सरांनी पहिलं काम मैदानावर केलंच नाही. ट्रायलची नोटीस दरवर्षी जिमखान्याच्या बोर्डवर लागायची आणि नेहमीचीच पंचवीस पोरं यायची. सर हॉस्टेलच्या मेसमध्ये जाऊन बसले. रात्रीच्या जेवणाला, सलग चार दिवस. तिथे त्यांना कोल्हापूरचा एक मुलगा सापडला. पेठेच्या टीमकडून खेळलेला, शाहू स्टेडियमची गर्दी अंगावर घेतलेला, पण पुण्यात कुणी विचारलंच नाही म्हणून गप्प बसलेला. मणिपूरचे दोघं सापडले, ते रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये आपसात खेळायचे. आम्ही त्यांच्या शेजारून वर्षभर जात-येत होतो. टीममध्ये मराठीत ओरडायची सवय सोडून 'मॅन' (मागे माणूस आहे), 'टाइम' (वेळ आहे), 'टर्न' (वळ) एवढे तीन शब्द सगळ्यांनी पाठ केले. मैदानावर तेवढे पुरतात.

दुसरं म्हणजे पर्वती बंद. आधी आमचा स्टॅमिना म्हणजे आठवड्यातून तीनदा पर्वती चढणं-उतरणं. सरांचं म्हणणं, मॅचमध्ये कुणी सलग चढ चढत नाही. चालतो, हळू पळतो, मग वीस मीटर जीव तोडून धावतो, पुन्हा चालतो. तेच चेंडू घेऊन करा. पावसाळ्यात मैदानाचा चिखल झाला की आम्ही कॉलेजच्या शेडमध्ये चार विरुद्ध दोन असं छोट्या चौकोनात खेळायचो. फक्त दोन टच, म्हणजे एकाने चेंडूला दोनदाच पाय लावायचा. पहिल्या दिवशी सलग पाच पाससुद्धा होईनात.

पण खरा रोग वेगळाच होता, आणि तुमच्या टीमचाही तोच असेल असं मला वाटतं. पहिला गोल बसला की आम्ही संपायचो. सगळे कमरेवर हात ठेवून एकमेकांकडे बघायचे, स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, गोलकीपरवर ओरडायचा आणि चेंडू नेटमध्येच पडून असायचा. मग सरांनी प्रॅक्टिस मॅच शून्य-एक अशीच सुरू करायची पद्धत लावली. बारा मिनिटं उरलीत, तुम्ही एक गोल मागे आहात. गोलकीपरने नेटमधून चेंडू काढून आपल्या हाताने मधल्या वर्तुळापर्यंत पळत आणायचा, बाकीचे तोवर आपापल्या जागेवर उभे. आठवड्यातून दोनदा, पूर्ण दोन महिने. त्या वर्षी आम्ही पहिलीच मॅच हरलो, दोन-शून्य. पण दुसऱ्या गोलनंतर आमचा गोलकीपर चेंडू काखेत मारून धावत निघाला, तेव्हा बाहेर बसलेल्या माझ्या अंगावर काटा आला.

थ्रो-इनवरही सरांनी खूप वेळ दिला. थ्रो-इनवरून थेट मिळालेल्या चेंडूवर ऑफसाइड नसतं, हे आमच्यातल्या निम्म्यांना ठाऊकच नव्हतं. कमजोर टीमचे बरेच चेंडू तिथेच जातात, म्हणून तुमच्या सरांना हे जरूर विचारा.

जागा बदलण्याबद्दल. आमचा उंच फॉरवर्ड दोन वर्षांत एकही गोल करू शकला नव्हता, त्याला सरांनी स्टॉपर केलं. तो रडकुंडीला आला. तेव्हा सरांनी १९६२ च्या जकार्ता एशियाडची गोष्ट सांगितली. जर्नेल सिंग स्टॉपर, डोक्याला टाके पडलेले. भारताचे कोच रहीमसाहेबांनी त्याला फॉरवर्डला खेळवलं. फायनलमध्ये भारताने दक्षिण कोरियाला दोन-एक हरवलं, त्यातला एक गोल जर्नेलचा. पोरगा म्हणाला, 'सर, तो मागून पुढे गेला, मी पुढून मागे चाललोय.' सर म्हणाले, 'टीमला जिथे लागतोस तिथे चाललायस.'

आता तुमचं. मी आठ दिवस घरी बसलो. मग सरांचा फोन आला. म्हणाले, 'तुझी जागा मी त्याला दिली, आता तुला जे येतं ते त्याला कोण देणार?' मला राग आला होता, तरी गेलो. त्या हिवाळ्यात सर आम्हाला दोघांना पीएमपीच्या बसने बालेवाडीला पुणे एफसीची आय-लीग (तेव्हाची देशातली मुख्य लीग) मॅच बघायला घेऊन गेले. त्या मोसमात पुणे एफसी दुसरी आली. सरांनी बजावलं, नव्वद मिनिटं चेंडू बघायचा नाही, फक्त लेफ्ट बॅक बघायचा. चेंडू पलीकडे असताना तो कुठे उभा असतो, किती आत सरकतो, किती वेळा मागे वळून बघतो. दोन वर्षं ती जागा खेळून मला जे कळलं नव्हतं, ते त्या एका संध्याकाळी कळलं.

पुढचे चार महिने मी त्या पोराला रोज अर्धा तास विंगर, म्हणजे कडेने चढाई करणारा खेळाडू, होऊन दिला. अंगावर धावून जायचं नाही. आडवं उभं राहायचं, विंगरला बाहेरच्या रेषेकडे ढकलायचं. पाय बघायचे नाहीत, ते फसवतात, फक्त चेंडू बघायचा. तो पुन्हा पुन्हा झेप घ्यायचा आणि मी पुन्हा पुन्हा आतून निघून जायचो.

तेव्हा तुम्हीही उद्या प्रॅक्टिसला जा. सरांना स्पष्ट विचारा की माझ्याकडून काय हवंय, आणि तुमच्या जागेवर आलेल्या पोराला गाठा.

२०१४ ला आमचं कॉलेज विभागाच्या सेमीफायनलला पोचलं. मी नोकरीतून अर्धी रजा टाकून गेलो होतो. शेवटची दहा मिनिटं, आम्ही एक गोलने पुढे, आणि समोरचा राइट विंगर सुसाट निघाला. आमचा लेफ्ट बॅक आडवा झाला, दोन पावलं मागे सरकला, थांबला. विंगरने पायांनी दोनदा हूल दिली. पोरगं हललं नाही. चेंडू रेषेबाहेर गेला, तेव्हा त्याने मान वर करून बाहेर मी कुठे उभा आहे ते शोधलं.