केस, मासळीची घाण, लघवी... हे खरंच खत म्हणून चालतं का?

गच्चीवरच्या कुंड्यांना केस, अंड्याची टरफलं, मासळीची घाण, अगदी लघवीसुद्धा चालते असं तुम्ही ऐकलंय आणि कुणी खरंच करून पाहिलंय का, असं विचारताय. मी पाहिलंय. चारही. पुण्यात, इमारतीच्या गच्चीवर, बायकोची बोलणी खात.

केसांपासून सुरुवात करतो, कारण तिथे मी सपशेल आपटलो. केसांत नत्र, म्हणजे नायट्रोजन, वजनाच्या साधारण १५ टक्के, शेणखतात एक टक्का मिळायची मारामार. हे वाचून हुरळलो, कोपऱ्यावरच्या सलूनमधून पिशवीभर केस आणले आणि दोन कुंड्यांत मातीखाली जाड थर दिला. वर्षाने कुंडी उलटी केली तर केस जसेच्या तसे, घोंगडीसारखे दबून बसलेले! पाणी त्यावरून कडेने वाहून जायचं, मिरचीची मुळं खाली उतरलीच नव्हती. केस म्हणजे केराटिन नावाचं चिवट प्रथिन, ते फार सावकाश कुजतं. आता फक्त घरचे, कंगव्यातले केस बारीक कातरून कंपोस्टच्या ड्रममध्ये विखरतो. सलूनचे बंद, त्यात ब्लेडचा तुकडा निघाला होता.

मासळीचं मला नवल नाही, मी मालवणकडचा. मासे धुतलेलं पाणी माडाला, कढीपत्त्याला जायचंच, त्याला आमच्याकडे कुणी खत म्हणतसुद्धा नाही. पण गावी परसू असतं. गच्चीत मी कोळंबीची सालं कुंडीत पुरली आणि रात्रीत बोक्याने जास्वंदीसकट कुंडी उपसली. तेव्हापासून फक्त धुतलेलं पाणी, तेही मीठ-हळद लावायच्या आधीचं. माडाला मीठ चालतं, गावी तर लावताना खड्ड्यातही टाकतात. गुलाबाला ते सोसत नाही.

टरफलांचं थोडक्यात सांगतो. तो जवळजवळ निव्वळ चुनाच. कोकणातल्या आंबट तांबड्या मातीत हळूहळू विरघळतो. तुमची माती काळी, चुनखडीची असेल तर कष्ट वाया. आणि घालायचीच तर पूड करून.

आता लघवी. तुम्ही ती शेवटी, जरा लाजतच लिहिलीय, पण या चौघांत खरं काम तीच करते. खाल्लेल्यातलं बहुतेक नत्र शरीर लघवीवाटेच बाहेर टाकतं, ते युरियाच्या रूपात असतं, म्हणून झाडाला लवकर मिळतं. मी एक भाग ताजी लघवी, दहा भाग पाणी असं आठवड्यातून एकदा बुंध्यापासून वीतभर लांब, ओल्या मातीत घालतो. पानांवर नाही. पिवळं पडलेलं लिंबाचं झाड महिन्याभरात हिरवंगार झालं. टोमॅटोला मात्र अति झालं, नुसता पाला माजला, फळ नाही. उन्हाळ्यात कुंडीत क्षार साठून पानांची टोकंही करपली, म्हणून अधूनमधून खालून निथळेपर्यंत साधं पाणी देतो. राख घालत असाल तर ती वेगळ्या दिवशी, एकत्र केली की अमोनिया उडून जातो आणि नाकाला कळतंच. खायच्या भाजीला काढणीच्या महिनाभर आधी थांबवतो. घरात कुणी आजारी असेल, औषधं चालू असतील तर त्या माणसाची वापरत नाही.

किळस वाटत असेल तर एक सांगतो. आमच्याच सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात, गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचं खत करणाऱ्या संडासांचा ध्यास घेतला होता. त्या खताला मराठीत नावच सोनखत आहे. मैला मात्र कुंडीत अजिबात नको. जंतांची अंडी मरायला तो महिनोन्‌महिने नीट कुजावा लागतो, ते फ्लॅटमध्ये जमणारं काम नाही.

वास म्हणाल तर बाटली साठवून ठेवली की येतो, ताजी घालून वर पाणी दिलं की नाही. तरी मी सहाच्या आत उरकतो. साडेसहाला शेजारचे काका गच्चीत चालायला येतात, आणि माझ्या लिंबाचं त्यांना फार कौतुक आहे.